गाडीखालची लादी

दहिसर पूर्वेच्या एका इमारतीखालच्या पार्किंगच्या 25 जागा कोणाच्या, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. नहालचंद लालूचंद प्रायव्हेट लिमिटेड विरुद्ध पांचाली को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी हा तो खटला. इमारतीच्या खांबांमधली मोकळी जागा, म्हणजे आपण ज्याला स्टिल्ट म्हणतो ती, स्वतंत्र ‘गॅरेज’ म्हणून आपण विकू शकतो, असं विकासकाचं म्हणणं होतं. 31 ऑगस्ट 2010 रोजी न्यायालयाने निकाल दिला. स्टिल्ट हे महाराष्ट्राच्या 1963 च्या फ्लॅट मालकी कायद्यातलं गॅरेज ठरत नाही, तो इमारतीचा सामाईक भाग आहे आणि विकासकाला तो वेगळा विकता येणार नाही. पुढे 2016 च्या रेरा कायद्याने तर गॅरेजची व्याख्याच लिहून ठेवली: वर छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असलेली, वाहन ठेवण्याची जागा.

लाद्यांच्या प्रकरणाची सुरुवात मी कोर्टापासून करतो आहे, त्याला कारण आहे. परदेशातल्या पुस्तकांत ‘घराचं गॅरेज’ म्हटलं की डोळ्यांपुढे शटर लावलेली, घराला चिकटलेली खोली येते. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरमध्ये तशी खोली फार थोड्यांच्या नशिबी असते. मुलुंड पश्चिमेच्या जुन्या प्लॉटांवर किंवा जुहूच्या बाजूला शिल्लक राहिलेल्या बंगल्यांत ती सापडेल. बाकी आपल्या सगळ्यांची गाडी खांबांच्या मध्ये, दोन पिवळ्या पट्ट्यांच्या आत उभी असते. विकास नियंत्रण नियमावलीने त्या जागेचं मोठं माप ठरवलं ते 2.5 मीटर बाय 5.5 मीटर. म्हणजे जेमतेम 148 चौरस फूट. तेवढ्या जागेत चकचकीत मोठी लादी बसवावी असं हल्ली अनेकांना वाटतं. घर नवं केलं, हॉलमध्ये 4 फूट बाय 2 फुटांची टाइल आली, दोन खोकी उरली, मग खाली गाडीखालीही तीच का नको? तेव्हा पहिला मुद्दा हा, की ती जमीन एकट्याची नाही. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेने ठरवल्याशिवाय तिथे छिन्नी लावू नये. आणि ठरवायचंच असेल तर एकेकाच्या पट्टीपुरतं न ठरवता सगळ्या स्टिल्टचं मिळून ठरवावं, कारण पाण्याचा ढाळ पिवळी पट्टी पाहून थांबत नाही.

दुकानात जिला व्हिट्रिफाइड म्हणतात आणि परदेशात पोर्सेलिन, ती वस्तू एकाच घराण्यातली. माती, फेल्डस्पार आणि क्वार्ट्‌झ यांचं बारीक पीठ प्रचंड दाबाखाली साच्यात बसवायचं आणि साधारण 1200 अंश सेल्सियसला भाजायचं. त्या उष्णतेत फेल्डस्पार वितळतो, काचेसारखा होऊन कणाकणांमधली भोकं बुजवतो. म्हणून ही लादी जवळजवळ पाणी पीतच नाही. आंतरराष्ट्रीय मानकानुसार तिने आपल्या वजनाच्या अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त पाणी शोषता कामा नये. दहा किलोची लादी पाण्यात कितीही ठेवली तरी पन्नास ग्रॅमच्या आतच. आपल्याकडे येणारी बहुतेक लादी मच्छू नदीकाठच्या मोरबीहून येते. एकेकाळी हे गाव मंगलोरी कौलं आणि भिंतीवरची घड्याळं यांसाठी ओळखलं जायचं, आज देशातल्या टाइलउद्योगाचं ते केंद्र आहे. तिथून निघालेले ट्रक अहमदाबाद महामार्गाने दहिसर नाक्यावरून मुंबईत शिरतात.

पाणी न पिण्याचा हा गुण गाडीखाली सोन्यासारखा आहे. इंजिनातून ठिबकलेलं तेल, ब्रेकचं तेल, कूलंटचा हिरवा डाग, काही आत मुरत नाही. जुन्या सोसायट्यांतून कोटा किंवा शहाबादी फरशी दिसते. हे दोन्ही चुनखडीचे दगड. त्यांच्यावर बॅटरीचं आम्ल सांडलं तर बुडबुडे येतात आणि तिथे कायमचा खरबरीत पांढरा चट्टा उरतो. पोर्सेलिनला त्या आम्लाने काही होत नाही. नेहमीच्या वापरातल्या आम्लांपैकी तिला खरं भय एका हायड्रोफ्लोरिक आम्लाचं, आणि ते काही गाडीतून गळत नाही. खाडीजवळच्या इमारतींत आणखी एक उपद्रव असतो. जमिनीतलं खारं पाणी वर चढतं आणि फरशीला लोणा लागतो, पापुद्रे सुटतात. पोर्सेलिनचे पापुद्रे सुटत नाहीत, फक्त सांध्यांतून पांढरी पूड डोकावते. इपॉक्सीच्या रंगाचंही एक दुखणं आहे. गाडी लांबून धावून आली की टायर तापलेले असतात, रंगावर उभे राहतात, थंड होताना त्याला धरून बसतात आणि सकाळी गाडी काढताना टायरच्या मापाचा रंगाचा पापुद्रा उचलून नेतात. भाजलेल्या लादीला ही भीती नाही.

पण हाच गुण बसवताना आडवा येतो. जुनी सिमेंटची मोझेक लादी पाणी प्यायची. भारतात अशा लाद्या बनवण्याचं काम 1922 मध्ये फिरोजशा सिधवा आणि त्यांचा पुतण्या रुस्तम यांनी स्वदेशीच्या भावनेतून सुरू केलं, तीच भारत टाइल्स. त्या काळच्या मिस्त्रींची पद्धत मुंबईच्या हातात मुरलेली आहे: लादी पिंपात भिजवायची, खाली सिमेंट-वाळूचा माल पसरायचा, वर सिमेंटची रबडी ओतायची, लादी ठेवून रबरी हातोड्याने ठोकायची. लादी रबडीतलं पाणी ओढून घ्यायची, त्याबरोबर सिमेंट तिच्या भोकांत शिरायचं आणि तिथे मुळं धरायचं. व्हिट्रिफाइडच्या पाठीवर सिमेंटला मूळ धरायला भोकच नाही. वरून ती बसल्यासारखी दिसते, प्रत्यक्षात मालावर नुसती टेकलेली असते. खोलीत माणसं चालतात तोवर हे उघडकीला येत नाही. गाडीचं चाक वर चढलं की येतं.

म्हणून मिस्त्री पहिला प्रश्न विचारतो: “मालावर बसवू की केमिकलवर?” गाडीखाली उत्तर एकच. केमिकल म्हणजे पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा चिकट गिलावा. आपल्याकडे त्याचं मानक आहे, आयएस 15477, आणि त्यात कामानुसार प्रकार पाडलेले आहेत. पिशवीवर तो प्रकार छापलेला असतो. मोठ्या, न शोषणाऱ्या लादीसाठीचा प्रकार कोणता, हे दुकानदाराच्या तोंडी भरवशावर न सोडता पिशवीवरच वाचून घ्यावं. दातेरी थापीने केमिकल एकाच दिशेला सरळ रेघांत ओढायचं, लादीच्या पाठीवरही पातळ हात फिरवायचा आणि मग लादी दाबून रेघांना आडवी थोडी पुढेमागे सरकवायची. रेघा मोडून एकमेकींत मिसळतात आणि मधली हवा बाहेर पडते. बरेच मिस्त्री वेळ वाचवण्यासाठी लादीच्या पाठीवर पाच गोळे ठेवतात, चार कोपऱ्यांत आणि एक मध्ये, नि लादी दाबून टाकतात. माझ्या मते गाडीखालच्या कामात हा गुन्हाच आहे. ओल्या किंवा उघड्या जागी लादीची किमान 95 टक्के पाठ चिकटलेली हवी, असं अमेरिकेतलं मानक सांगतं. पाच गोळ्यांच्या मध्ये चार पोकळ्या राहतात.

पोकळीचं एवढं काय, हे समजायला दगडी पाटी आठवावी. टेबलावर सपाट ठेवलेल्या पाटीवर लहान मूल उभं राहिलं तरी ती टिकेल. दोन पुस्तकांवर आडवी ठेवून तेच मूल उभं राहिलं तर मधून मोडेल. भाजलेली लादी दाबाला पुरून उरते, वाकण्याला मात्र हार जाते. गाडीचा दाब मुळात फार नाही. टायरमध्ये 33 पौंडांची हवा असेल तर जमिनीवर पडणारा दाबही साधारण तेवढाच, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन-अडीच किलो. हाताच्या पंजाएवढ्या चार ठशांवर गाडीचं सगळं वजन वाटलेलं असतं. खाली भरीव आधार असेल तर खोलीतली 9 मिलिमीटरची लादीही हा दाब सोसते. आधार नसेल तर मात्र चाकाखाली तीन-साडेतीनशे किलो त्या पोकळीवर वाकवायला बसतात. आंतरराष्ट्रीय मानक साडेसात मिलिमीटर किंवा त्याहून जाड पोर्सेलिन लादीकडून 1300 न्यूटनची, म्हणजे सुमारे 130 किलोंची मोडताकद मागतं, आणि तीसुद्धा दोन टेकूंवर ठेवून मोजलेली. हिशेब सरळ आहे. इथे जाडी मदतीला येते, आणि ती वर्गाच्या पटीत येते: जाडी दुप्पट झाली की वाकण्याची ताकद चौपट. म्हणून अंगणासाठी 20 मिलिमीटरची जाड लादी निघाली आणि मोरबीच्या ‘पार्किंग टाइल’ही खोलीतल्या लादीपेक्षा जाड आणि मापाने लहान असतात.

गाडीपेक्षा जास्त त्रास देणाऱ्या दोन वस्तू स्टिल्टमध्ये रोज असतात आणि त्यांची आठवण कोणी ठेवत नाही. एक, मोटरसायकलचं साइड स्टँड. त्याच्या टोकाची लोखंडी पट्टी दोन बोटांची, आणि गाडी त्यावर दाणकन कलंडते. दुसरी, पंक्चर काढताना लावलेला जॅक. तळहाताएवढ्या लोखंडी तळावर गाडीची अख्खी एक बाजू. दोन्हींखाली लाकडी फळीचा तुकडा ठेवण्याची सवय लागली तर अर्ध्या लाद्या वाचतील. तिसरी वस्तू रोजची नाही, पण उन्हाळ्यात येतेच: पाण्याचा टँकर. दहा हजार लिटर पाणी म्हणजे नुसतं पाणीच दहा टन, वर ट्रकचं वजन. तो जिथून वळून जमिनीखालच्या टाकीपाशी येतो त्या वाटेवर लादी नकोच. तिथे सळ्या टाकलेलं काँक्रीट बरं.

आता जमिनीकडे येतो, कारण उपनगरांत खरा घोटाळा तिथेच असतो. अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल आहे. सुमारे 200 फूट उंच, सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या बेसाल्टचा उभ्या खांबांचा सुळका. तिथे पाय ठेवाल तिथे कातळ. तिथून थोड्याच अंतरावर लोखंडवाला संकुल आहे, ते खाडीकाठच्या पाणथळीत भराव घालून उभं राहिलं. मुलुंडचंही तेच: पश्चिमेला राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराचा उतार, पूर्वेला मिठागरं. घाटकोपरला टेकड्या, आणि खाडीच्या अंगाला सखल चिखलट जमीन. बोरिवलीत गोराई खाडीकडे जाल तसा मातीचा रंगच बदलतो. इमारत बांधताना अभियंता हे सगळं जाणून असतो, म्हणून खांब खोल नेऊन कातळावर किंवा पाइल्सवर टेकवतो. पण स्टिल्टची जमीन खांबांवर टेकलेली नसते. पाया भरल्यावर उरलेल्या खड्ड्यांत मुरूम, माती आणि कित्येकदा आधीच्या पाडलेल्या इमारतीचं डेब्रिज ओतलं जातं, वर सोलिंगचे दगड, वर कोबा. इमारत कातळावर उभी आणि गाडी भरावावर. भराव थरांमध्ये टाकून, पाणी मारून, धुम्मस करून दाबला नसेल तर तो वर्षानुवर्षं बसत राहतो. खांब मात्र जागचा हलत नाही. कोणत्याही पंधरा-वीस वर्षांच्या सोसायटीत जाऊन पाहा, खांबाभोवती जमिनीला गोल किंवा चौकोनी चीर दिसेल आणि तिच्या बाहेरची जमीन बोटभर खाली गेलेली असेल.

अशा जमिनीवर मोठी लादी म्हणजे काचेची चादर. छोटी लादी सांध्यात थोडं मान्य करून घेते, 4 फुटांची एकच लादी दोन वेगवेगळ्या गतींनी खचणाऱ्या भागांवर पडली की मधून जाते. म्हणून जुनी जमीन असेल तर लादी निवडण्याआधी कोब्यावर जड हातोड्याचा दांडा ठोकत फिरावं. टणक ‘टण’ आवाज असेल तर ठीक. बद्द वाजलं तर तो भाग फोडून भराव पुन्हा दाबावा आणि सळ्यांची जाळी टाकून नवा कोबा करावा. एवढा खर्च सोसायटीला जमत नसेल, तर मी मनापासून सांगेन की लादी विसरा आणि पेव्हर ब्लॉक बसवा. खचलं की उचलायचे, खाली खडी भरायची, तेच पुन्हा ठेवायचे. दिसायला साधे, पण भरावाच्या जमिनीशी त्यांचं जमतं. आणि जमीन चांगली निघाली, तर नवा कोबा 28 दिवस पिकू द्यावा, खांबाभोवती मऊ सीलंटचा सांधा ठेवावा, आणि उन्हात-पावसात येणाऱ्या भागात दर 8 ते 12 फुटांवर तसाच एक सांधा सोडावा. उन्हाने तापल्यावर लादी आणि खालचा कोबा वेगवेगळ्या प्रमाणात वाढतात. त्यांना हलायला जागा नसेल तर एके दुपारी दोन लाद्या तंबूसारख्या उभ्या राहतात. स्टिल्टच्या आतल्या सावलीत हे कमी, कडेला जिथे दुपारचं ऊन शिरतं तिथे जास्त.

पाऊस ही तर आपली परीक्षाच. सांताक्रूझच्या वेधशाळेत पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस सहज नोंदवला जातो, आणि 26 जुलै 2005 ला तिथे 24 तासांत 944 मिलिमीटर पडला. त्या दिवशी उपनगरांतली कितीतरी स्टिल्टं गाड्यांसकट पाण्यात होती. पण रोजचा धोका पुराचा नसतो, ओल्या चपलेचा असतो. गाडीखालून ठिबकलेलं तेल, त्यावर गाडीच्या अंगावरून निथळलेलं पाणी, आणि शाळेच्या बसकडे धावणारं पोर किंवा देवळातून परतणाऱ्या आजी. हॉलमधल्या चकचकीत लादीवर हे तिघं एकत्र आले की काय होतं, ते ज्यांच्या घरी खुब्याचं हाड मोडलं त्यांना विचारावं. उरलेली दोन खोकी खाली वापरण्याचा मोह इथेच सोडून द्यायचा.

घसरणीचं माप घेण्याची एक जर्मन रीत आहे आणि ती मला फार आवडते, कारण तिच्यात खरा माणूस चालतो. लादी एका फळीवर बसवतात, तिच्यावर तेल ओततात, ठरावीक बूट घातलेला माणूस तिच्यावर पुढेमागे चालतो आणि फळी हळूहळू तिरकी करत नेतात. त्याचा पाय डळमळला तो कोन मोजायचा. 6 ते 10 अंशांत घसरला तर लादी आर-9, 10 ते 19 मध्ये आर-10, 19 ते 27 मध्ये आर-11. पाऊस न येणाऱ्या वाहनतळाला तिथे आर-10 पुरेसं मानतात, पाऊस आत येत असेल तर आर-11. आपल्या स्टिल्टला भिंती नाहीत, जुलैत वाऱ्याबरोबर पाऊस थेट मधल्या रांगेपर्यंत येतो, तेव्हा आपण आर-11 च मागावी. दुकानात आकडा विचारला की काही जण गोंधळतात, तरी विचारावा. पेटीवर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात तो असतो. फार खरबरीत लादीचा एक त्रास आहे, तिच्यात चिखल अडकतो आणि झाडूने निघत नाही. कडक ब्रश आणि पाण्याचा पाइप लागतो. हे आधीच सफाईवाल्या ताईंशी बोलून घ्यावं, रोजचं काम त्यांना करायचं असतं.

ढाळाची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण मोठ्या लादीची खरी अडचण तिथे आहे. जुनी लहान लादी चारही बाजूंनी जाळीकडे उतरवता यायची, बशीसारखी. चार फुटांची लादी वाकत नाही, तिचा उतार एकाच दिशेला. शंभराला एक असा ढाळ दिला तर साडेपाच मीटरांच्या जागेत मागच्या टोकापासून पुढच्या टोकापर्यंत 55 मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणून मधली चौकोनी जाळी विसरून पुढच्या कडेला लांब नाली काढावी आणि तिच्यावर गाडी पेलेल अशी लोखंडी जाळी टाकावी. उलट केलं तर पाणी भिंतीकडे, मीटर रूमकडे जाईल, आणि ते कोणालाच परवडणारं नाही.

मग माप कोणतं घ्यावं? चार फूट बाय आठ फुटांच्या मोठ्या पाट्या हल्ली शोरूममध्ये उभ्या असतात. 15 मिलिमीटर जाडीची अशी एक पाटी शंभर किलोंच्या वर जाते. ती टेम्पोतून उतरवून, गेटमधून वळवून, खांबांमधून नेऊन एका दमात बसवायला चार माणसं आणि सक्शन कपची चौकट लागते, आणि खालचा कोबा 10 फुटांत 3 मिलिमीटरपेक्षा जास्त वरखाली चालत नाही. बंगल्याच्या बंदिस्त गॅरेजमध्ये, चांगला मिस्त्री हाताशी असेल तर, करावी. सांधे कमी म्हणजे तेल-चिखल साठायला जागा कमी, आणि दिसायलाही देखणी. सोसायटीच्या स्टिल्टमध्ये मात्र माझं मत दोन फूट बाय दोन फुटांच्या बाजूने पडेल. मॅट, जाड, आणि फुल बॉडी, म्हणजे जिचा रंग पाठीपर्यंत एकच आहे. झिलई दिलेल्या लादीचा टवका उडाला की आतून वेगळ्याच रंगाचा डोळा दिसतो, फुल बॉडीचा टवका रंगात रंग मिसळून जातो. सांधे 3 मिलिमीटरच्या खाली नेऊ नयेत आणि दरजा इपॉक्सी ग्राउटने भराव्यात. साधा सिमेंटचा ग्राउट तेल पितो आणि दोन पावसाळ्यांत काळा पडतो.

काम झालं की मिस्त्रीचे पैसे चुकते करण्याआधी एक नाणं घेऊन खाली बसावं आणि प्रत्येक लादीच्या चार कोपऱ्यांवर नि मध्ये ते टिचकीसारखं आपटून पाहावं. बद्द वाजणारी लादी खडूने खूण करून त्याच आठवड्यात काढून घ्यावी, तेव्हा ती सहज निघते. मग दोन बादल्या पाणी ओतून पाहावं, कुठे डबकं राहतं का. आणि किमान आठ-दहा दिवस गाडी बाहेर रस्त्यावर लावावी. उपनगरात याइतकं कठीण काही नाही हे मला माहीत आहे, पण वॉचमनला दोरी बांधून ठेवायला सांगावं, नाहीतर दुसऱ्याच रात्री कोणीतरी पाहुण्याची गाडी आत घालतो. शेवटी एक खोकं लाद्या पंपरूममध्ये, भिंतीला उभ्या टेकवून, ठेवून द्यावं आणि त्यावर बॅच आणि शेड नंबर दिसेल असं तोंड बाहेर करावं. दर भट्टीला रंग आणि माप केसभर बदलतं. पाच वर्षांनी एक लादी फुटेल तेव्हा त्याच नावाची लादी बाजारात मिळेलही, पण ती शेजारच्या लादीला जुळणार नाही.